निचऱ्याची कळ

३ जून

धाकट्या,

रविवारी तू तासभर मोर्स बडवलंस. त्यातलं माझ्या कागदावर उतरलं ते एवढं: "पाणी", "दात", "वहिनी", आणि मग पुन्हा "पाणी". पाण्यात वहिनीचे दात पडले की काय ते कळव.

तुझा सिग्नल पडलाय. गेल्या हिवाळ्यापर्यंत तू स्पष्ट येत होतास, आता पलीकडच्या खोलीत कोणी कुजबुजावं तसा येतोस. फोनचं नाव काढू नकोस. हल्ली फोनवर सगळेच तोंडात बोळा कोंबून बोलतात. आपलं रविवारचं बोलणं रेडिओवरच बरं, पण ते ऐकू यायला हवं.

हौशी रेडिओचा परवाना घेऊन तुला इतकी वर्षं झाली आणि अजून तू शंभर वॅटवर संसार चालवतोस. आता हजार वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बांध. तुझा आहे तो सेट त्याच्यामागे जोडायचा, बाकी काही बदलायचं नाही. आकृती सोबत आहे. दोन मोठे काचेचे व्हॉल्व्ह आणि एक तेलाचा कपॅसिटर पार्सलने येतील. ट्रान्सफॉर्मर तू तिकडे गुंडाळून घे, पावणेतीन हजार व्होल्टचा. गुंडाळणारा "एवढे कशाला?" असं विचारेल. त्याला माझं नाव सांग आणि ट्रान्समीटर स्टेशनात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईने सांगितलंय म्हणावं.

पत्रा जाड वापर. दात घडवतोस तेवढ्या निगुतीने पेटी घडव.

ताई


१५ जून

मुख्य अभियंता साहेब यांना लहान भावाचा नमस्कार,

तुझ्या वहिनीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, दात जागच्या जागी आहेत. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली, पाणी माझ्या कामाच्या खोलीत आलं आणि तीन गिऱ्हाइकांच्या कवळ्या तरंगत दारापर्यंत गेल्या, एवढाच मजकूर होता. तुझ्या कागदावर उतरलेली गोष्ट जास्त चांगली आहे.

पार्सल पोचलं. पोस्टमनने ते खाली ठेवलं आणि मला म्हणाला, "कोण गेलं?" तुझी वहिनी म्हणते, बाकीच्या बहीणभावांना बोलायला तोंड पुरतं, यांना हजार वॅट लागतात. तरी पेटीवरच्या अक्षरांचं काम तिने मागून घेतलंय. छापखान्यात इतकी वर्षं लोकांची मुद्रितं तपासली, आता घरात माझी चुकीची अक्षरं तिला बघवत नाहीत.

पत्रा कापून झाला. आता एक शंका. तुझा हा तेलाचा कपॅसिटर बघून मला स्टेशन आठवलं. मी तुला भेटायला यायचो तेव्हा प्रत्येक दारामागे लाकडी दांडी टांगलेली असायची, टोकाला तांब्याचा आकडा. आत हात घालायच्या आधी तुम्ही ती टेकवायचात आणि फाट्कन ठिणगी उडायची. तशी दांडी करून ठेवू का? आकृतीत दिसली नाही.

तुझा,
धाकटा


२४ जून

धाकट्या,

दांडी नको. दांडी माणूस विसरतो. आमच्याकडे दोघे विसरले, त्यातला एक अजून तोतरा बोलतो. झाकण मात्र विसरत नाही, म्हणून मी ते काम झाकणाला दिलंय.

कपॅसिटर म्हणजे टाकी समज. तुझ्या गच्चीवरची नव्हे, न फुटणारी. प्लग काढलास तरी ही टाकी भरलेलीच राहते, तासन् तास, आणि माणूस मारायला पुरेशी भरलेली असते. म्हणून टाकीपासून पत्र्यापर्यंत निचऱ्याची एक वाट काढायची. त्या वाटेत एक रेझिस्टर आणि एक कळ. ही कळ झाकणाच्या कडेखाली बसव, म्हणजे झाकणाच्या दाबाने ती हलेल. झाकण लावलेलं असेल तेव्हा निचऱ्याची कळ उघडी राहील, झाकण काढलं की ती बंद होईल. एवढं चोख जुळव, मग तू विसरलास तरी पेटी विसरणार नाही.

पुस्तकांत टाकी आपोआप रिकामी करणारा आणखी एक कायमचा रेझिस्टर दाखवतात. तो मी गाळलाय. उगाच पेटी तापते.

आत हात घालताना प्लग काढलेला हवा आणि डावा हात खिशात हवा. हे पूजेच्या नेमासारखं पाळ. वहिनीला सांग, अक्षरं ठसठशीत काढ.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

चालला! पहिल्यांदा स्विच दाबला तेव्हा तुझी वहिनी शेजारणीकडे जाऊन बसली होती. "नवीन भाजीची कृती विचारायला" म्हणे. व्हॉल्व्ह हळूहळू लालसर झाले, सुई उठली आणि घरातले दिवे मोर्सच्या डिट-डाच्या तालावर मिणमिणायला लागले. अर्ध्या तासाने ती परत आली, दारातून म्हणाली, "आहात का?" मी म्हटलं, "आहे." "मग जेवायला या."

पत्रा मी तुझ्या आकृतीबरहुकूम कापला, तारा तुझ्या पत्राबरहुकूम जोडल्या. झाकणाची कळ बसवायला दोन दिवस गेले, पण आता नुसतं झाकण टेकवलं की टक्कन आवाज येतो. दात बसल्यासारखा.

एकच गोष्ट. निचऱ्याचा रेझिस्टर जबर तापतो. झाकणाच्या जाळीवर हात धरला तरी धग लागते. असंच असतं ना?

आणि खरं काय ते सांग, गेल्या रविवारी मी हजार वॅटने आलो. आता कसा येतो मी?

धाकटा


९ ऑगस्ट

धाकट्या,

रेझिस्टर तापतो तर तापू दे. तापणं हाच त्याचा धंदा.

तू बरा येतोस. आधीपेक्षा बरा, पण अजून हवा तसा नाही. अँटेनाशी जुळणी कमी पडत असेल. झाकण काढून कॉइलवरचा चिमटा एकेक वेढा पुढे सरकवून बघ.

घाईत आहे.

ताई


४ सप्टेंबर

ती. वन्संना नमस्कार.

अक्षर माझं आहे, मजकूर ह्यांचा. हे सांगतात तसं लिहून घेते.

"ताई, घाबरू नकोस. बारीकसा अपघात झाला. (बारीकसा नव्हता. मी.) कॉइलवरचा चिमटा सरकवताना मनगट व्हॉल्व्हच्या टोपीला टेकलं आणि बोटं कॉइलवर होती. डावा हात खिशात होता, त्यामुळे जे झालं ते एका हातातच झालं. डॉक्टर म्हणाला, दुसरा हात पत्र्यावर असता तर छातीतून गेलं असतं. म्हणजे तुझ्या नेमाने वाचलो. (अकरा दिवस दवाखान्यात होते.) अंगठा आणि पहिली दोन बोटं पट्टीत आहेत. कातडी येईल म्हणतात. स्पर्शाचं सांगता येत नाही म्हणतात. मेणावर बोट फिरवून दाताचा उंचवटा कळायचा, तो आता कळेल की नाही बघायचं. कवळीची कामं दुसऱ्याकडे दिली आहेत. (गिऱ्हाइकं रडत गेली. हे थट्टा करतात, मी करत नाही.)

चूक सगळी माझी. निष्काळजीपणा झाला. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. रविवारचं काही दिवस जमणार नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलं.

तुमची वहिनी


१० सप्टेंबर

धाकट्या,

हात बरा होईपर्यंत थांबून मग बोलावं असं ठरवलं होतं. जमत नाही.

झाकणाची कळ काय झोपली होती? ती असताना टाकी भरलेली राहूच शकत नाही. याचा अर्थ एकच होतो. तू ती दाबून बांधून ठेवलीस. दर वेळी झाकण काढायचा-लावायचा कंटाळा आला, म्हणून कळीला दोरी बांधलीस आणि उघड्या पेटीत हात घातलास. असले शहाणे मी स्टेशनात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना मी दारातही उभं करत नसे. माझ्या स्वतःच्या भावाने तेच करावं?

मी ती पेटी अशी आखली होती की मूर्खाच्या हातूनही अपघात होऊ नये. त्यासाठी मूर्खाने निदान पत्र नीट वाचावं लागतं. तुला लहानपणापासून वाचायचा आळस. गणितात नापास झालास तेव्हाही प्रश्न अर्धाच वाचला होतास.

मलम वेळेवर लाव. बोटं रोज वाकव, दुखली तरी.

ताई


१६ सप्टेंबर

वन्सं,

हे पत्र माझं आहे. ह्यांना दाखवलेलं नाही. तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं, कारण त्यांना कागद धरता येत नाही. गणिताचं वाक्य मी गाळलं. बाकी सगळं ऐकून ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं," आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मग मी तुमचं २४ जूनचं पत्र काढलं.

मला यंत्रातलं काही कळत नाही. मराठी कळतं. तुम्ही लिहिलंय: "झाकण लावलेलं असेल तेव्हा निचऱ्याची कळ उघडी राहील, झाकण काढलं की ती बंद होईल." त्याच्या आधी टाकी आहे, निचरा आहे, वाट आहे. टाकीचा निचरा उघडा म्हणजे पाणी जातं, बंद म्हणजे जात नाही. ह्यांनी तसंच जोडलंय. झाकण लावलं की निचरा चालू, झाकण काढलं की निचरा बंद. पेटीवरची अक्षरं मीच काढली आहेत, म्हणून मला पक्कं माहीत आहे. झाकणाच्या कडेला "लावले: उघडी. काढले: बंद." असं मी माझ्या हाताने रंगवलंय. तुमच्याच शब्दांत.

कोणी दोरी बांधली नव्हती. कळ ठणठणीत आहे. झाकण लावून काम करत होते तेव्हा तो रेझिस्टर तापून तापून केव्हातरी जळाला आणि निचरा पुरताच बंद झाला. तापतो हे त्यांनी तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही म्हणालात, तापू दे. मग म्हणालात, झाकण काढून चिमटा सरकव. त्यांनी प्लग काढला, डावा हात खिशात घातला, झाकण काढलं, उजवा हात आत घातला.

दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं वाक्य होतं, "ताईला हे सांगायचं नाही." त्यांना त्या क्षणीच कळलं होतं. मला कळायला महिना लागला, कारण मी ते पत्र मुद्रितासारखं वाचलं नव्हतं, नणंदेच्या पत्रासारखं वाचलं होतं.

तुम्ही त्यांना मूर्ख म्हटलंत. तो शब्द परत घ्या. त्यांच्यासाठी नको, माझ्यासाठी घ्या.

वहिनी


२२ सप्टेंबर

वहिनी, आणि हे धाकट्याला मोठ्याने वाचून दाखव,

तो शब्द परत घेते. दोरीचा आरोप परत घेते. बरोबर वहिनीचं आहे.

आमच्या धंद्यात कळ "उघडी" म्हणजे दोन पत्त्या एकमेकींपासून दूर, वीज जात नाही. "बंद" म्हणजे पत्त्या टेकल्या, वीज जाते. कॉलेजात पहिल्या वर्षी हे घोकलं, पुढे आयुष्यभर तेच बोलले. माणसं बंद म्हणजे बंद म्हणतात, हे मी विसरले. त्यावर कडी म्हणजे मीच आधी टाकी आणली, निचरा आणला, तुझ्यापुढे नळ उभा केला आणि नंतर विजेची भाषा बोलले. "झाकण काढल्यावर निचरा चालू" एवढे चार शब्द लिहिले असते तर संपलं असतं.

यापुढचं जास्त वाईट आहे. माझ्या आखणीत झाकण लावलेलं असताना तो रेझिस्टर थंडगार असायला हवा होता. तू तापतो म्हणालास तेव्हा नवशिक्यालाही कळलं असतं की जोडणी उलटी आहे. मला कळलं नाही. माझं लक्ष त्या पत्रात दुसरीकडे होतं. आणि कायमचा रेझिस्टर मी गाळला, दांडीला मी नको म्हटलं. तू विचारली होतीस. या तिन्हींपैकी एक गोष्ट जरी तिथे असती तरी तुझी बोटं शाबूत राहिली असती.

हीच आकृती आणि हाच मजकूर मी इथल्या आणखी दोघांना दिला होता. वहिनीचं पत्र वाचलं तशी चपला घालून निघाले. लिफ्ट दुरुस्त करणारा एक आहे, त्याने माझ्या अर्थाने जोडलं होतं. एक्स-रे काढणारा दुसरा, त्याने तुझ्या अर्थाने. तो म्हणाला, "बाई, हे तर पाण्याचंच उदाहरण आहे ना?" अजून त्याने वीज लावली नव्हती. दोघांच्याही पेटीत दांडी टांगून आले, कागद परत आणले आणि फाडले. त्यांना सांगितलं की माझ्या चुकीने माझ्या भावाचा हात गेला. लिफ्टवाला म्हणाला, "असं कसं, तुमची चूक होईल?" त्याला मी रागावले.

तुला काय सांगू? सॉरी म्हणायची मला सवय नाही, शब्द अंगावर नीट बसत नाही. पण माझं चुकलं.

ताई


१२ ऑक्टोबर

ताई,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर बघून हसू नकोस.

झालं ते झालं. "बंद" मीही विचारायला हवं होतं. टाकीला जोडायच्या आधी एकदा मनात आलंही होतं की हे उलट नाही ना? पण तुझं पत्र होतं. तुझ्या पत्रावर शंका घ्यायची म्हणजे पंचांगावर शंका घेण्यासारखं. पुढच्या जन्मी घेईन.

बोटं वाकतात. गार-गरम कळतं. बारीक कळत नाही. मेणाचं बघू.

आता चांगली बातमी. पेटी मी दुरुस्त करायला घेतली आहे. नवा रेझिस्टर आणला, कळ उलटी केली, दांडीसुद्धा केली. पुढच्या रविवारपर्यंत जोडून होईल. डाव्या हाताने मोर्स शिकतोय, मुंगी चालावी तसा जातो, पण जातो. तुला ऐकू आलं पाहिजे, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी केला?

धाकटा

(खाली दुसऱ्या अक्षरात:)

वन्सं, पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहिते. एका हाताने पावणेतीन हजार व्होल्टपुढे बसणार आहेत. माझं ऐकत नाहीत. मी म्हटलं, शंभर वॅटवर बोला. तर म्हणतात, "तिच्यापर्यंत पोचत नाही गं." त्यांना थांबवायचं असेल तर तुम्हीच थांबवू शकता. पोस्टाला जेवढे दिवस लागतात तेवढेच तुमच्या हातात आहेत.


१५ ऑक्टोबर

धाकट्या,

पेटीला वीज लावू नकोस. हे तार म्हणून वाच. पुढचं मग वाच.

तू माझ्यापर्यंत पोचतोस. पहिल्यापासून पोचतोस. माझ्या सेटवर सिग्नलची सुई आहे, तू शंभर वॅटवर असतानाही ती शेवटाला टेकलेली असायची. हजारावर आलास तेव्हाही तिथेच टेकली. तिला त्यापुढे जायला जागा नाही. तुझा सिग्नल पडला नव्हता. माझे कान पडलेत.

मार्चमध्ये डॉक्टरकडे गेले होते. काचेच्या खोलीत बसवून त्याने कानात शिट्या वाजवल्या. मला वाटलं, यंत्र अजून सुरू केलेलं नाही. बाहेर येऊन विचारलं, "कधी सुरू करणार?" तो म्हणाला, "संपलं." त्याने कागदावर रेघ काढून दाखवली, खाली खाली जाणारी. रेघ मला वाचता येते, त्यामुळे त्याला फार समजवावं लागलं नाही.

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या आवाजातला दोष कानाने पकडून मी पगार घेतला. शेजारच्या हॉलमधला पंखा घरघरला तर मी बसल्या जागेवरून सांगायचे. ते गेलं, हे कोणाला सांगायचं नव्हतं. तुला तर नाहीच. मग रविवारी तू विचारलंस, "कसा येतोय?" मी लिहून टाकलं की पडलाय. रेडिओवाल्याने दुसऱ्याला खोटा सिग्नल सांगणं म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. एकदा सांगितल्यावर ते खरं दिसावं म्हणून अ‍ॅम्प्लिफायर आखला. आखताना मला मजाही आली. किती दिवसांनी कोणीतरी माझ्या आखणीवर काहीतरी बांधत होतं.

तुझं २ ऑगस्टचं पत्र. तू दोन गोष्टी विचारल्या होत्यास. रेझिस्टर तापतो, आणि आता कसा येतो मी. मी दुसऱ्या प्रश्नावरच अडकले. हजार वॅट झाले, तरी मला ऐकू येत नाही, आता काय सांगू? पहिला प्रश्न मी वाचला की नाही तेही आठवत नाही. एका वाक्यात उडवून लावला आणि वेळ काढायला तुला झाकण काढायला सांगितलं. चिमटा सरकवायची काही गरज नव्हती.

"बंद" ही माझी चूक होती. हे चूक नाही.

व्हॉल्व्ह काढून ठेव.

ताई


२५ ऑक्टोबर

वन्सं,

पत्र वेळेवर आलं. ह्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग आत गेले, पेटीतले दोन्ही व्हॉल्व्ह काढले आणि कापसात गुंडाळून कपाटात ठेवले. डाव्या हाताने, अगदी सावकाश, बाळाला झोपवावं तसे. मी विचारलं, "काय म्हणतात?" तर पत्र माझ्या हातात दिलं.

जेवताना म्हणाले, "एकटी बसून शिट्या ऐकत होती गं ती. बिचारी." त्या "बिचारी"वर मी ताटावरून उठले. लग्नाला एवढी वर्षं झाली, ताटावरून कधी उठले नव्हते.

त्यांनी तुम्हाला माफ केलंय. त्यांना काही करावंच लागलं नाही, ते आधीपासूनच केलेलं होतं. मी केलेलं नाही. काल एक म्हातारे गिऱ्हाईक जुनी कवळी घेऊन आले. ह्यांनी ती उजव्या हातात घेतली, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. मग डाव्या हाताने फिरवला. मग म्हणाले, "काका, दुसऱ्याला दाखवा." हे मी दाराआडून बघितलं.

तुमची पत्रं फार चांगली असतात. एकही शब्द जास्तीचा नाही. मला तसं लिहिता येत नाही. मी रागाने लिहायला बसते, दोन ओळी लिहिते आणि सवयीने तपासायला लागते. इथे स्वल्पविराम हवा, हा शब्द दोनदा आला. तपासून होईपर्यंत राग निवतो. हा मला निवू द्यायचा नाही.

म्हणून पत्र पुरे. इकडे या. समोर बसा. मला जे बोलायचंय ते मी तोंडाने बोलणार आहे.

वहिनी


१ नोव्हेंबर

वहिनी,

येते. शनिवारी सकाळच्या गाडीने पोचते. धाकट्याला स्टेशनवर पाठवू नकोस, तो पिशवी उचलायला धावेल.

मला यायची भीती वाटते, हे लिहून ठेवते, म्हणजे ऐनवेळी मला परत फिरता येणार नाही. भीती तुझ्या रागाची नाही. तो हवाय. धाकट्याने माफ केलं त्या दिवसापासून मला कुठे बसावं ते कळत नाही. कोणीतरी मला पुरतं बोलायला हवं आणि ते करणारी तूच आहेस. भीती ही की तू बोलशील आणि मला ते समजणार नाही, मी अंदाजाने मान हलवेन आणि भलत्याच वाक्याला हो म्हणेन. गेलं वर्षभर मी लोकांशी असंच वागले आहे. दूधवाला, शेजारी, बँकेतला माणूस, सगळ्यांना हो म्हणते. तुला तसं म्हणायचं नाही.

कानाचं यंत्र घेतलंय. अजून सवय नाही. त्यात भांडी आपटलेली मोठ्याने ऐकू येतात आणि माणूस लहान. डॉक्टर म्हणाला, बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात हवा, ओठ दिसले की निम्मं काम होतं.

म्हणून ही माझी विनंती आहे. आजपर्यंत तुला फक्त सूचना दिल्या, त्यामुळे वळण जमत नसेल तर समजून घे. मला खिडकीकडे पाठ करून बसव आणि तू उजेडाकडे तोंड करून बस. स्वयंपाकघरात नळ चालू असेल तर आधी तो थांबव. सावकाश बोल. मला नाही कळलं तर मी विचारीन, तेव्हा "जाऊ दे" म्हणू नकोस, पुन्हा सांग. कितीही वेळा विचारलं तरी पुन्हा सांग. रडायला आलं तर रड, पण मान खाली घालू नकोस आणि पाठ वळवून बोलू नकोस. तू पाठ वळवलीस तर मला काहीच ऐकू येणार नाही, आणि यातला एकही शब्द मला चुकवायचा नाही.

ताई